रेषा पुण्यात, यादी देवणीत

लातूर जिल्ह्यातला देवणी तालुका ओलांडला की कर्नाटकाचा बिदर जिल्हा लागतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंना पीकपाणी सारखेच, तूर, ज्वारी आणि अलीकडच्या काळात सोयाबीन. बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा चालतात. तरीही २०११-१२ च्या सरकारी हिशेबात देवणीकडच्या खेड्यातला माणूस गरीब ठरायला त्याचा महिन्याचा खर्च ९६७ रुपयांच्या आत असावा लागे आणि पलीकडच्या खेड्यातल्या माणसाचा ९०२ रुपयांच्या आत. हे ६५ रुपयांचे अंतर कुठल्याही बाजारभावातून आलेले नव्हते. ग्रामीण दारिद्र्यरेषा राज्यागणिक एकच असते, म्हणून देवणीचा भाव रत्नागिरी-कोल्हापूरच्या खेड्यांबरोबर सरासरीत गेला आणि बिदरचा म्हैसूर-मंड्याबरोबर. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून काढून मुंबई राज्यात घातले गेले. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात होती. ती वाटणी वेगळी झाली असती तर देवणीच्या गरिबांची व्याख्याही वेगळी झाली असती. हा हिशेब करणाऱ्यांचा गाढवपणा नव्हे. देशाची मोजदाद करण्यासाठी बनवलेल्या आकड्याकडून एवढ्या बारकाव्याची अपेक्षा कुणी केली नव्हती. घोटाळा पुढे झाला, मोजदादीचा आकडा गावच्या यादीचा पहारेकरी झाला तेव्हा. तो कसा झाला, याचा इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडलेला आहे.

सुरुवात मुंबईत, १८७६ साली. दादाभाई नौरोजींनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानातल्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यांचा प्रश्न सरळ होता : माणूस जगवायला किती लागते, आणि त्याच्या वाट्याला किती येते? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांनी सरकारचेच कागद काढले. परदेशी मळ्यांवर नेल्या जाणाऱ्या मजुरांना जहाजावर कोणता शिधा द्यावा हे सरकारने ठरवलेले होते, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर काय खर्च होतो याचे तक्ते दरवर्षी छापले जात. त्यावरून १८६७-६८ च्या भावांनी प्रांतागणिक माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये अशी जगण्याची किंमत निघाली. वाट्याला येणारे सरासरी उत्पन्न दादाभाईंच्या हिशेबाने २० रुपये. म्हणजे बहुतेक प्रांतांत सरकार आपल्या कैद्यावर जेवढे खर्चते तेवढे मोकळ्या रयतेच्या हाती पडत नव्हते. हा आकडा राज्यकर्त्यांवर रोखलेला होता. कोणाला मदत द्यायची आणि कोणाला नाही, हे त्यातून ठरवायचे नव्हते. त्यात निजामाचा मुलूखही नव्हता, कारण दादाभाईंचे तक्ते ब्रिटिश प्रांतांचे होते. देवणी-उदगीरकडचे दारिद्र्य मोजणीत यायला पुढे अनेक दशके जावी लागली.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा हाच प्रश्न निघाला, यावेळी दिल्लीत. १९६२ च्या जुलैमध्ये नियोजन आयोगासाठी एका अभ्यासगटाने माणशी महिना २० रुपये, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला १०० रुपये, हे किमान ठरवले. भाव १९६०-६१ चे. आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता, कारण तो सरकार उचलणार असे गृहीत होते. या गटात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, सर्वोदयी कार्यकर्ते अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते. तेव्हा कुणाला फार महत्त्वाचे वाटले नसेल, पण शाळा-दवाखाना सरकार पाहील हे गृहीतक पुढे चार दशके रेषेत मुरून राहिले. दरम्यान सरकारी शाळा-दवाखान्यांचे काय झाले ते मराठवाड्याला सांगायला नको.

त्या आकड्याला हाडामांसाचा आधार दिला तो गोखले संस्थेतल्याच दोघांनी. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ च्या जानेवारीत दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांनी माणशी रोज २२५० उष्मांक मिळवून देणारा आहार घेतला, राष्ट्रीय नमुना पाहणीतून तो आहार परवडणारी कुटुंबे एकूण किती खर्च करतात ते पाहिले आणि रेषा काढली : १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. या हिशेबाने खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली निघाले. ही पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचे बळ आणि तिचे दुखणे एकाच ठिकाणी आहे. रेषेवरचे कुटुंब २२५० उष्मांक खातेच असे नाही. ते सगळा खर्च सरासरी कुटुंबासारखा करील तर तेवढे खाईल, एवढाच त्याचा अर्थ. समूहाबद्दल बोलायला हे पुरेसे होते. अमक्या घराबद्दल त्यातून काहीच सांगता येत नव्हते, आणि दांडेकर-रथांनी तसा दावाही केला नव्हता. त्यांना धोरण हलवायचे होते. साठच्या दशकातल्या विकासाचा फायदा वरच्या थरांना झाला हे त्यांनी दाखवले, वाटायला पुरेशी जमीन नाही असे डाव्यांना खटकणारे मतही मांडले, आणि उपाय म्हणून वरच्या वर्गाचा उपभोग आवरून ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर कामे काढावीत असे सुचवले.

अभ्यास छापून वर्ष-दीड वर्ष झाले आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. मराठवाड्यात त्याची आठवण मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्यांतल्या कुणालाही तू रेषेच्या वर की खाली, असे विचारले गेले नाही. दगड फोडायला जो आला त्याचे नाव हजेरीपत्रकावर चढले. याचे शास्त्र वि. स. पागे यांनी आधीच मांडले होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगावात १९६५ साली त्याचा प्रयोगही झाला होता. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर त्याआधीच बसला होता. थोडक्यात, ज्या राज्यात देशाची दारिद्र्यरेषा आखली गेली त्याच राज्याने आपली सगळ्यात मोठी दारिद्र्यविरोधी योजना रेषेशिवाय चालवली. गरीब कोण हे ठरवण्याचे काम तिने गरिबावरच सोपवले : ज्याला दुसरा मार्ग आहे तो भर उन्हात नालाबंडिंगला कशाला येईल? योजनेत खोट्या हजेऱ्या झाल्या, मजुरी तुंबली, कामे गावापासून लांब निघाली, हे सगळे खरे. पण पात्र असून यादीत नाव नाही, ही तक्रार तिच्याबद्दल करता येत नव्हती.

रेषेचा वाद मात्र पुण्यात चालूच राहिला, आणि तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फारच रंगला. एका बाजूला दांडेकर, दुसऱ्या बाजूला संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. दोघेही सातारा जिल्ह्यातले. सुखात्म्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे काम सांभाळले होते. त्यांचे म्हणणे असे की माणसाची उष्मांकाची गरज ठरीव नसते. तोच माणूस आज कमी आणि उद्या जास्त खाऊन तेवढेच काम करतो, शरीर स्वतःला जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरज ही रेषा धरली तर धडधाकट माणसेही उपाशी मोजली जातील, रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. तसे केले तर रेषेखालच्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली येत होते. दांडेकरांनी १९८१ मध्ये सविस्तर उत्तर दिले. एखाद्याचे शरीर कमी अन्नावर तगते हा शरीरशास्त्राचा मुद्दा झाला. गरिबी म्हणजे पुरेसे विकत घेता न येणे, आणि ती खर्चातच मोजली पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. माझ्या मते वादात दांडेकर सरस ठरतात. पण सुखात्म्यांनी उघडे पाडलेले एक सत्य त्यांनाही झाकता आले नाही : रेषेच्या अगदी जवळ असलेल्या माणसाबद्दल कोणतीही सरासरी खात्रीने बोलू शकत नाही. आणि कोरडवाहू मुलखात बहुसंख्य माणसे रेषेच्या जवळच असतात.

१९७९ मध्ये योगिंदर अलघ यांच्या कृतिगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक ठरवले. १९७३-७४ च्या भावांनी देशाची ग्रामीण रेषा ४९.०९ रुपये आणि शहरी ५६.६४ रुपये निघाली. १९९३ मध्ये लकडावाला समितीने प्रत्येक राज्याची वेगळी रेषा केली. ग्रामीण रेषा शेतमजुरांच्या भावनिर्देशांकाने वाढवायची, शहरी रेषा औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाने. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात शेतमजुरांचा निर्देशांक नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत १९५६-५७ च्या पाहणीतल्या खर्चाच्या वाट्यांवर चालला होता, आणि त्यात दवाखाना, शाळेची फी, एसटीचे भाडे यांना नगण्य जागा होती. परिणाम हळूहळू साचत गेला. १९७३-७४ मध्ये महाराष्ट्राची शहरी रेषा ग्रामीण रेषेपेक्षा जेमतेम अठरा टक्क्यांनी वर होती. २००४-०५ पर्यंत ग्रामीण रेषा ३६२ रुपयांवर पोचली, तर शहरी रेषा ६६६ रुपयांवर, म्हणजे जवळपास दुप्पट. महाराष्ट्रात शहरांपेक्षा खेड्यांत गरिबी कमी आहे असा विचित्र निष्कर्ष त्यातून निघाला : खेड्यांत २९.६ टक्के, शहरांत ३२.२ टक्के. ज्या राज्यातून लातूर-नांदेडची माणसे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात त्याच राज्याबद्दलचा हा निष्कर्ष.

आता यादीकडे. केंद्राने १९९२, १९९७ आणि २००२ साली ग्रामीण कुटुंबांची पाहणी करून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या याद्या केल्या, आणि १९९७ पासून स्वस्त धान्यही त्या रेषेप्रमाणे वाटायचे ठरले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या : वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, यादीतल्या कुटुंबांना पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून वर पांढरी. देवणी स्वतंत्र तालुका झाला तोही १९९९ सालीच, त्यामुळे या तालुक्याच्या पुरवठा विभागाचा जन्मच या तीन रंगांसोबत झाला. १५,००० या आकड्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाच जणांच्या घरात तो माणशी महिना २५० रुपये होतो. १९९९-२००० साठी नियोजन आयोगाची महाराष्ट्राची ग्रामीण रेषा होती ३१८ रुपये ६३ पैसे, म्हणजे तेवढ्याच घराला वर्षाचे १९,००० च्या वर. उत्पन्न आणि खर्च यांत फरक असतो हे धरूनही, सरकारने ज्याला गरीब मोजले त्यालाच पिवळे कार्ड नाकारण्याची सोय सरकारच्याच नियमात होती.

२००२ ची पाहणी आणखी पुढे गेली. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. घरात प्रत्येकी किती कपडे, वर्षातला किती काळ दोन वेळचे जेवण मिळते, शौचालय आहे का, कर्ज कुणाकडून घेतले, सर्वांत शिकलेला माणूस किती शिकला. गुण जितके कमी तितका गरीब. दहावी झालेला मुलगा घरात असला की त्या घराची श्रीमंती वाढायची, आणि पाच हेक्टर कोरडवाहू रान असले की जमिनीच्या प्रश्नात वरचे गुण, मग त्या रानात तीन वर्षे पेरलेले उगवले नसले तरी. तरी हे प्रश्न निदान घराकडे पाहून विचारले जात होते. खरी मेख एकूण संख्येत होती. राज्याच्या यादीत किती कुटुंबे बसवायची याची कमाल मर्यादा नियोजन आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजाशी बांधली गेली, नंतर ती थोडी सैल झाली एवढेच. हा अंदाज स्वतःच वादग्रस्त होता. त्या वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीत घरोघरी अन्नाचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा एकाच वेळी विचारला गेला, त्याने उत्तरे फुगली असा अनेक अर्थतज्ज्ञांचा आक्षेप होता. ग्रामीण महाराष्ट्राची गरिबी १९९३-९४ च्या ३७.९ टक्क्यांवरून २३.७ टक्क्यांवर आलेली दिसली. त्यातली किती घट खरी आणि किती प्रश्नपत्रिकेची, हा तज्ज्ञांचा वाद. गावाच्या दृष्टीने एवढेच झाले, की प्रश्न विचारण्याची दिल्लीतली तऱ्हा बदलली आणि यादीतल्या जागा कमी झाल्या. अर्थातच मग यादीवरून भांडणे झाली, आणि त्यांचे खापर ग्रामसेवक-तलाठ्यावर फुटले. त्याने वशिल्याची नावे घातली असतील, पण वशिला नसलेलीही सगळी नावे त्या संख्येत मावत नव्हती.

२००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने जुना दोष बराचसा दुरुस्त केला. उष्मांकांचा आधार सोडला, शहरी गरिबांच्या खरेदीची यादी घेऊन ती खेड्यातल्या प्रत्यक्ष भावांनी मोजली, आणि शिक्षण-औषधांचा खिशातून होणारा खर्च प्रथमच हिशेबात आला. महाराष्ट्राची ग्रामीण रेषा २००४-०५ साठी ३६२ वरून ४८५ रुपयांवर गेली आणि खेड्यांतली गरिबी २९.६ वरून ४७.९ टक्क्यांवर. शहरांतली उलट २५.६ वर उतरली. एका अहवालाने खेड्यांतले जवळपास निम्मे लोक गरीब झाले असे नव्हे. ते आधीपासूनच होते, निर्देशांकाने झाकले होते. तेंडुलकरांवर कंजूषपणाचा जो शिक्का बसला तो म्हणूनच अन्यायाचा वाटतो. २०११ च्या जूनमध्ये ते पुण्यात वारले, आणि सप्टेंबरमध्ये नियोजन आयोगाने त्यांच्या रेषेवरून सर्वोच्च न्यायालयात शहरात रोज ३२ आणि खेड्यात रोज २६ रुपये असे प्रतिज्ञापत्र दिले. देशभर संताप उसळला. पण अन्नाच्या हक्काच्या त्या खटल्यात मूळ प्रश्न रेषा किती, हा नव्हता. रेषेने धान्य का अडवावे, हा होता. तो प्रश्न ३२ रुपयांत जगून दाखवा या आव्हानांत बुडाला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : पैसा मोजका असतो, कुठे तरी रेघ मारावीच लागते, नाहीतर बागायतदारही रांगेत येईल. रास्त आहे. पण रेघ मारणे आणि मोजणीचा अंदाज कोटा म्हणून खाली पाठवणे या दोन गोष्टी आहेत. रोजगार हमीने कामाची अट घालून बागायतदाराला दूर ठेवले. म्हातारी, अपंग, विधवा यांना खडी फोडायला लावता येत नाही, तिथे ही युक्ती संपते, हेही मान्य. त्यांच्यासाठी काही स्पष्ट खुणांवरून सरसकट आत आणि काही खुणांवरून सरसकट बाहेर, अशी निवड २००९ मध्ये न. चं. सक्सेना समितीने सुचवली होती. महाराष्ट्रात मात्र निराधार योजनेलाही २१,००० रुपयांच्या दाखल्याची अट लागली, आणि अशा अटींमुळे तहसिलात मिळणारे उत्पन्नाचे दाखले मर्यादेच्या आतच कसे बसतात हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तेंडुलकरांच्या याच रेषेने महाराष्ट्राची गरिबी २००४-०५ मधल्या ३८ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये १७ टक्क्यांवर आल्याचे दाखवले. ते नाकारायचे का? नाकारायचे कारण नाही. दोन्ही वेळा माप एकच होते, मजुरी खरोखर वाढली होती. दांडेकर-रथांनी रेषा याच कामासाठी केली होती आणि ते काम ती अजून करते.

पण ती किती वेळा बघते, हाही प्रश्न आहे. खर्चाची मोठी नमुना पाहणी साधारण पाच वर्षांनी होत आली, त्यात मराठवाडा ‘इनलँड सेंट्रल’ या नावाचा एक विभाग असतो, आणि त्याची स्वतःची अधिकृत रेषा कधीच नव्हती. २०११-१२ ची पाहणी जून २०१२ मध्ये संपली. त्यानंतर लगेच मराठवाड्यात दुष्काळ आला, २०१४ पासून पुन्हा सलग दोन वर्षे पाऊस रुसला, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१७-१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. पुढची २०२२-२३ ची. बहात्तरनंतरचा या भागातला सर्वांत वाईट काळ दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत नाहीसा झाला. आणि पाहणी झाली असती तरी काय दिसले असते? ती खर्च मोजते, तो पैसा कुठून आला ते मोजत नाही. ज्या घराने हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलांची जोडी विकून वर्ष काढले ते घर त्या वर्षी रेषेच्या वर दिसते. पेरणीला बैल नसलेले पुढचे वर्ष पाहणीत येईलच असे नाही.

राज्य सरकारला हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. ग्रामीण कुटुंबाला ४४,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आणि एकूण सात कोटी माणसांचा इष्टांक आला. इष्टांक म्हणजे पुन्हा कोटाच, आणि तोही २०११-१२ च्या पाहणीवरूनच ठरलेला. देवणीत नवे नाव चढवायचे तर आधी कुणाचे तरी कमी व्हायला हवे. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना दोन-तीन रुपये किलोने धान्य सुरू झाले. म्हणजे ज्यांना सरकारी मोजणीने गरिबीच्या वर ठरवले होते त्यांनाच गरिबाच्या भावाने धान्य द्यावे लागले. निवडीची कसोटी होती जिल्हा, सातबारा आणि कार्डाचा रंग. लातूर आणि नांदेड दोन्ही त्यात होते. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात द्यायचे ठरले. त्याच सुमारास नवी खर्च पाहणी चालू होती. तिचे आकडे २०२४ च्या फेब्रुवारीत आले, पण सोबत नवी रेषा आली नाही.